अशिओ: तांब्याने वाढवलेले आणि तांब्यानेच ओसाड केलेले जपानी डोंगरी गाव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निक्कोची देवळे पाहायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की त्याच शहराच्या हद्दीत, एका डोंगररांगेपलीकडे, जपानमधले एकेकाळचे सर्वांत मोठे तांब्याचे गाव आहे. अशिओविषयी मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. अशिओचा इतिहास वाचताना एक बोट नकाशावरच्या खाणीवर आणि दुसरे तिथून खाली वाहणाऱ्या वातारासे नदीवर ठेवा. नुसती खाण पाहिली तर अर्धीच कथा कळते.

अशिओ नेमके कुठे आहे?

तोचिगी प्रांताच्या पश्चिम टोकाला, गुन्मा प्रांताच्या सीमेला लागून. टोकियोपासून सरळ रेषेत अंतर सुमारे ११० किलोमीटर भरते, पण मधे डोंगर असल्यामुळे प्रवासाला तीन तास तरी धरावेत. उत्तरेच्या कड्यापलीकडे चुझेंजी सरोवर आहे आणि ईशान्येला होसोओ खिंड ओलांडली की निक्को.

गावाचे क्षेत्रफळ सुमारे १८६ चौरस किलोमीटर होते. त्यातला बहुतेक भाग उभ्या उतारांचा आहे. वस्ती नदीकाठच्या अरुंद पट्ट्यात, समुद्रसपाटीपासून ६०० ते ८०० मीटर उंचीवर. भातशेतीला सपाट जमीन जवळजवळ नाहीच. त्यामुळे खाण नसती तर इथे काही वाड्यांपलीकडे वस्ती वाढली नसती.

‘माजी गाव’ का म्हणतात? आता तिथे कोणी राहत नाही का?

राहतात. मात्र अशिओ ही स्वतंत्र नगरपालिका उरलेली नाही. २० मार्च २००६ रोजी निक्को, इमाइची, फुजिहारा, कुरियामा आणि अशिओ यांचे विलीनीकरण होऊन नवे निक्को शहर झाले. पत्त्यात जुने नाव टिकून आहे: आजही ‘निक्को शहर, अशिओ-माची’ आणि पुढे वाडीचे नाव असे लिहितात.

१९१६ मध्ये इथली लोकसंख्या ३८,४२८ होती आणि तोचिगी प्रांतात उत्सुनोमियाखालोखाल अशिओचा क्रमांक लागत असे. विलीनीकरणाच्या वेळी ती तीन हजारांच्या थोडी वर होती. आज दोन हजारही नाही, आणि जे आहेत त्यांत वृद्धांचे प्रमाण फार मोठे आहे.

डोंगर आणि नद्यांची रचना कशी आहे?

पश्चिमेला सुकाई-सान (२,१४४ मीटर) आणि कोशिन-सान (१,८९२ मीटर). गावाच्या मधोमध बिझेंदाते (१,२७२ मीटर). उंचीने तो किरकोळ, पण सगळे तांबे याच डोंगराच्या पोटात होते. खाणीची तोंडे त्याच्या तीन बाजूंना उघडतात.

सुकाई-सानच्या बाजूने मात्सुकी नदी येते. तिला निता-मोतो आणि कुझो हे दोन प्रवाह मिळतात. या तिन्ही प्रवाहांच्या संगमाखालीच पुढे गाळ अडवणारे मोठे धरण बांधले गेले. गावाच्या खालच्या अंगाला कोशिन नदी येऊन मिळते आणि तिथून पुढच्या प्रवाहाला वातारासे म्हणतात. वातारासेची लांबी १०७.६ किलोमीटर आहे. गुन्मातून किर्यू, आशिकागा, सानो या भागातली शेते भिजवत ती शेवटी तोने या मोठ्या नदीला मिळते. डोंगरात जे होते ते तीन-चार प्रांतांच्या शेतात पोहोचते, ते या वाटेने.

वनस्पतिप्रेमींसाठी: कोशिन-सानच्या ओल्या कातळांवर ‘कोशिनसो’ ही चिमुकली कीटकभक्षी वनस्पती उगवते. तिचा शोध १८९० मध्ये इथेच लागला आणि आज तिला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे.

खाण कधी सापडली?

परंपरेने सांगितले जाणारे वर्ष १६१०. दोन शेतकऱ्यांना डोंगरात तांबे आढळले आणि लवकरच खाण तोकुगावा शोगुनशाहीच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीच्या, थेट ताब्यात गेली. निक्कोच्या तोशोगू मंदिराच्या आणि एदो किल्ल्याच्या छपरांसाठी इथले तांबे वापरले गेले. १६८० च्या दशकात उत्पादन वर्षाला सुमारे १,५०० टनांपर्यंत गेले. त्या काळासाठी हा आकडा प्रचंड आहे.

तांबे घोड्यांच्या पाठीवर लादून ‘आकागाने काइदो’ म्हणजे तांब्याच्या रस्त्याने खाली तोने नदीच्या बंदरांपर्यंत नेत आणि तिथून होड्यांनी एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला. काही तांबे नागासाकीहून परदेशी जाई. नागासाकीहून डच व्यापाऱ्यांनी नेलेले जपानी तांबे सुरत आणि कोरोमंडलच्या बाजारात विकले जात असे. म्हणजे १७व्या शतकातल्या आपल्याकडच्या तांब्याच्या व्यापारात जपानचाही वाटा होता.

१८व्या शतकात उत्पादन घसरले. १७४० च्या दशकात खाणीला आधार म्हणून इथे नाणी पाडायची परवानगी मिळाली. त्या कान्एई नाण्यांच्या मागच्या बाजूला ‘पाय’ या अर्थाचे चिन्ह असते, तेच अशिओच्या नावातले पहिले अक्षर. जुन्या नाण्यांच्या दुकानात ती आजही मिळतात. ओळखायची असतील तर मागची बाजू पाहा. पुढची बाजू इतर टांकसाळींच्या नाण्यांसारखीच आहे. एदो काळाच्या, म्हणजे शोगुनशाहीच्या (१६०३–१८६८), अखेरीस खाण जवळपास मेलेली होती.

मग ती जपानमधली सर्वांत मोठी कशी झाली?

१८७७ मध्ये फुरुकावा इचिबेई या व्यापाऱ्याने ती विकत घेतली. भांडवलात बँकर आणि उद्योजक शिबुसावा एइइची यांचाही वाटा होता. पहिली काही वर्षे नुसता खर्च झाला. १८८१ मध्ये आणि नंतर १८८४ मध्ये समृद्ध शिरा लागल्या आणि चित्र पालटले. १८८८ मध्ये जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश कंपनीशी सुमारे १९,००० टन तांब्याचा करार झाला. तो पुरा करायचा म्हणजे खाणकाम, वाहतूक आणि वितळण सगळेच एकदम वाढवणे भाग होते, आणि पुढची यंत्रे भराभर आली ती या करारामुळे:

१८९० मध्ये मातो इथे जलविद्युत केंद्र उभे राहिले. त्याच वर्षी होसोओ खिंडीवरून निक्कोच्या दिशेने मालाचा रोपवे सुरू झाला आणि नदीवर जर्मन बनावटीचा लोखंडी फुरुकावा पूल बांधला गेला. १८९३ मध्ये बेसेमर भट्टी आली. तिच्यामुळे महिनाभर चालणारी शुद्धीकरणाची प्रक्रिया दोन दिवसांवर आली. १८९६ मध्ये त्सूदोचा मुख्य बोगदा पूर्ण झाला आणि डोंगराच्या तिन्ही बाजूंची खाणकामे आतून जोडली गेली. मेइजी काळाच्या (१८६८–१९१२) मध्यावर जपानच्या एकूण तांब्यापैकी तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, एकट्या अशिओतून निघत होता.

आज फुरुकावा इलेक्ट्रिक, फुजी इलेक्ट्रिक, फुजित्सू, योकोहामा रबर ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. त्या सगळ्यांची मुळे या खाणीच्या पैशात आहेत.

गावात लोक राहत कसे होते?

गावाची तीन अंगे होती. होनझान म्हणजे मूळ खाण आणि वितळणशाळा, उत्तरेला. त्सूदो म्हणजे मुख्य बोगदा, दुकाने आणि बाजार, मध्ये. कोदाकी पश्चिमेला, कोशिन नदीच्या दरीत. कोदाकीची खाण १८८५ मध्ये उघडली आणि भरभराटीत त्या एका दरीत दहा हजारांच्या आसपास माणसे राहत होती. १९५४ मध्ये ते तोंड बंद झाले. आज तिथे जोती, दगडी भिंती आणि झाडी एवढेच आहे.

खाणकामगारांची घरे लांबच लांब लाकडी चाळींसारखी, प्रत्येक कुटुंबाला एक-दोन खोल्या, संडास आणि स्नानगृह सामाईक. आगीची भीती कायमची असल्यामुळे चाळींच्या मधे विटांच्या उंच अग्निरोधक भिंती उभारलेल्या असत. त्यातल्या काही अजून उभ्या आहेत, आजूबाजूची घरे गेली तरी. अनेक कुंपणांच्या भिंती काळसर चौकोनी ठोकळ्यांच्या दिसतील. ते धातुमळाचे, म्हणजे भट्टीत तांबे वेगळे केल्यावर उरणाऱ्या मळाचे, ओतीव ठोकळे आहेत. अविवाहित कामगार ‘हान्बा’ म्हणजे मुकादमाच्या सामाईक निवासात राहत. तिथला मुकादम काम देई, जेवण देई आणि मजुरीतून आपला वाटा कापून घेई. मजुरीचा मोठा भाग कामगाराच्या हातात पोहोचतच नसे.

१९०७ चा दंगा कशामुळे झाला?

मजुरी, मुकादमांची लूट आणि देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांची लाचखोरी. फेब्रुवारी १९०७ मध्ये खाणीच्या आत सुरू झालेली तोडफोड दोन-तीन दिवसांत वर पसरली, इमारती जाळल्या गेल्या, आणि शेवटी ताकासाकीहून पायदळ बोलवावे लागले. जपानच्या कामगार चळवळीच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची मानली जाते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळाबद्दलही इथे लिहायलाच हवे. तरुण कामगार आघाडीवर गेल्यावर कोरियातून माणसे आणली गेली, युद्धकैद्यांना कामाला लावले गेले आणि चीनमधून सक्तीने आणलेल्या २५७ जणांपैकी १०९ जण इथे मेले. कोदाकीच्या रस्त्यावर त्यांचे स्मारक आहे. तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डोंगर उजाड कसे झाले? नुसत्या धुराने?

नुसत्या धुराने नव्हे. तीन कारणे एकावर एक चढली आणि क्रम महत्त्वाचा आहे.

पहिले, तोड. बोगद्यांना टेकू देण्यासाठी ओंडके, भट्ट्यांसाठी कोळसा, घरांसाठी लाकूड. सरकारी जंगलांची झाडे खाणीला विकली गेली आणि जवळचे उतार आधी मोकळे झाले.

दुसरे, आग. एप्रिल १८८७ मध्ये मात्सुकीच्या बाजूला वसंतातली गवत जाळण्याची आग हाताबाहेर गेली आणि मोठे क्षेत्र जळाले. एरवी अशा आगीनंतर पाच-दहा वर्षांत झुडपे परत येतात.

ती आली नाहीत, कारण तिसरे: सल्फर डायऑक्साइड. इथले मुख्य खनिज चाल्कोपायराइट आहे. त्यात तांबे, लोह आणि गंधक जवळजवळ सारख्या वजनात असतात. म्हणजे एक टन तांबे काढायचे तर साधारण टनभर गंधक कुठेतरी जाणार. ते धुराड्यातून हवेत गेले. दरी अरुंद असल्यामुळे धूर वर उठून विरत नसे. तो मात्सुकीच्या दिशेने दरीत सरकत जाई. कोवळ्या पानांना तो सर्वांत जास्त मारतो, म्हणून जुनी झाडे काही काळ तगली पण नवी रोपे उभीच राहिली नाहीत. मुळे कुजली, पावसाने माती वाहून गेली आणि खालचा कातळ उघडा पडला.

मात्सुकी गावातल्या लोकांची रेशीमकिड्यांसाठीची तुतीची झाडे गेली, मग पिके, मग घोडे. १९०२ मध्ये गाव संपले. आज तिथे काही थडग्यांचे दगड आणि धातुमळाचे काळे ढीग आहेत.

खालच्या शेतांना विषबाधा कशी झाली?

खाणीतून निघालेला चुरा, धातुमळ आणि तांबे मिसळलेले पाणी सरळ दरीत सोडले जाई. वर झाडे नसल्यामुळे प्रत्येक मोठ्या पावसात हे सगळे मातीसकट खाली येई. नदीचे पात्र गाळाने उथळ होत गेले, म्हणजे पूर्वी काठात मावणारे पाणी आता शेतात घुसू लागले. पूर आधीही येत. पण जुना पूर जंगलातला कुजलेला पालापाचोळा आणायचा आणि पुढच्या वर्षी पीक चांगले यायचे. शेतकरी त्या पुराची वाट पाहत. नव्या पुरात तांबे होते.

१८८५ मध्ये नदीतले मासे मेल्याच्या बातम्या आल्या. ऑगस्ट १८९० च्या पुराने शेती बुडाली आणि १८९६ च्या मोठ्या पुराचे पाणी टोकियोच्या वेशीपर्यंत पोहोचले. कृषी महाविद्यालयाचे कोझाई योशिनाओ यांनी मातीचे विश्लेषण करून कारण तांब्याची संयुगे असल्याचे १८९२ पर्यंत स्पष्ट केले होते. ‘त्या काळी विज्ञानाला ठाऊक नव्हते’ ही सबब म्हणून टिकत नाही.

भाताच्या शेतात नुकसान सारखे नसते. पाणी जिथून खाचरात शिरते त्या तोंडाशी तांबे सर्वांत जास्त साचते. तिथली रोपे खुरटतात, मुळे आखूड आणि जाड होतात. शेवटच्या टोकाला पीक त्या मानाने बरे असते. म्हणून शेतकरी तोंडाशी पाणी निवळण्यासाठी छोटा खड्डा करत आणि दरवर्षी वरचा थर खरवडून बांधाच्या कडेला ढीग घालत. त्या ढिगांना ‘विषाचे ढिगारे’ म्हणत. हा उपाय महागडा होता, कारण खरवडलेल्या मातीबरोबर सुपीक थरही जाई.

तनाका शोझो कोण?

सध्याच्या सानो शहराच्या हद्दीतल्या कोनाका गावचे (जन्म १८४१), पहिल्या संसदेत १८९० मध्ये निवडून आलेले सदस्य. १८९१ पासून त्यांनी अशिओचा प्रश्न संसदेत सतत मांडला. तेव्हाचे कृषी व व्यापार मंत्री मुत्सु मुनेमित्सु यांचा मुलगा फुरुकावा इचिबेई यांनी दत्तक घेतलेला होता. एवढे सांगितले की उत्तरे का मिळत नव्हती ते समजते.

फेब्रुवारी १९०० मध्ये हजारो शेतकरी निवेदन घेऊन पायी टोकियोकडे निघाले. तोने नदीकाठी कावामाता इथे पोलिसांनी त्यांना मारून अडवले आणि अनेकांना अटक केली. शोझोंनी १९०१ मध्ये संसदेचा राजीनामा दिला आणि १० डिसेंबरला सम्राट मेइजी यांच्या गाडीसमोर निवेदन हातात धरून धावले. त्या निवेदनाचा मसुदा समाजवादी पत्रकार कोतोकु शूसुई यांनी लिहिलेला होता. निवेदन सम्राटापर्यंत पोहोचले नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळा देश अशिओबद्दल बोलत होता.

सरकारने काढलेला तोडगा असा: नदीच्या खालच्या भागातले यानाका गाव रिकामे करून तिथे पूर साठवण्याचे क्षेत्र करायचे. १९०६ मध्ये गाव कागदावर रद्द झाले. १६ कुटुंबे हलली नाहीत आणि १९०७ च्या उन्हाळ्यात त्यांची घरे पाडण्यात आली. काही विस्थापित १९११ मध्ये होक्काइदोतल्या सारोमाला गेले आणि त्यांनी तिथल्या वस्तीला ‘तोचिगी’ हेच नाव दिले. शोझो शेवटपर्यंत यानाकाच्या लोकांबरोबर राहिले आणि ४ सप्टेंबर १९१३ रोजी वारले. त्यांच्याजवळ उरलेल्या झोळीत राज्यघटना, बायबलचा भाग, काही कागद आणि खडे होते.

आमच्या मते यानाकाचा निर्णय अशिओच्या इतिहासातला सर्वांत अन्यायाचा आहे: उगमाशी चाललेली घाण थांबवण्याऐवजी ती जिथे पोहोचत होती तिथली माणसे हलवली गेली.

सरकारने खाणीवर बंधने घातलीच नाहीत का?

घातली. मे १८९७ मध्ये ३७ कलमांचा आदेश निघाला: पाणी निवळण्याचे तलाव, चुना घालून तांबे खाली बसवण्याची व्यवस्था, धुरातले गंधक काढणारा मनोरा, सगळे काही महिन्यांत उभे करायचे, नाहीतर खाण बंद. कंपनीने खर्च करून ते उभारले. पाण्याच्या बाबतीत थोडा फरक पडला. गंधकाच्या मनोऱ्यात धुरावर चुन्याच्या पाण्याचे फवारे मारत, पण एवढ्या प्रचंड आणि वेगाने जाणाऱ्या धुरापुढे ते तंत्र अगदीच तोकडे होते. बहुतेक वायू तसाच बाहेर गेला.

खरा उपाय १९५६ मध्ये आला: फिनलंडच्या औटोकुम्पू पद्धतीची झोत-भट्टी. बारीक वाळलेले खनिज गरम हवेबरोबर फवारले की त्यातले गंधक स्वतःच जळून उष्णता देते, इंधन वाचते, आणि बाहेर पडणारा वायू इतका दाट असतो की त्यापासून सल्फ्युरिक आम्ल बनवता येते. जुन्या भट्ट्यांचा धूर विरळ असे, म्हणून तो पकडणे अवघड. तोपर्यंत सत्तर वर्षे गेली होती.

शेतकऱ्यांना भरपाई मिळाली का?

उशिरा. १९५८ मध्ये गेन्गोरो-सावा इथला खाणीच्या गाळाचा साठा फुटला आणि पुन्हा शेते बुडाली. त्यातून गुन्मातल्या मोरिता भागातल्या शेतकऱ्यांचा नवा लढा उभा राहिला. १९७४ मध्ये तडजोड होऊन कंपनीने सुमारे १५५ कोटी येन द्यायचे मान्य केले. शेतजमिनीच्या प्रदूषणाविषयीच्या १९७० च्या कायद्याखाली भाताच्या मातीत तांब्याची मर्यादा किलोला १२५ मिलिग्रॅम ठरली आणि दूषित शेतांत वरून चांगली माती टाकणे, थर उलटणे अशी कामे झाली.

खाण बंद कधी झाली?

फेब्रुवारी १९७३ मध्ये खोदकाम थांबले. आयात खनिज वितळवण्याचे काम १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालू होते. रेल्वेची मालवाहतूक संपली तसे तेही थांबले. चार शतकांत एकूण सुमारे ८,२०,००० टन तांबे निघाले आणि बोगद्यांची एकूण लांबी १,२०० किलोमीटरच्या वर गेली. वितळणशाळेचे बरेच भाग आता पाडले आहेत. १९१९ चे मोठे धुराडे उभे आहे.

म्हणजे आता धोका संपला?

नाही. पाऊस डोंगरात मुरतो, बोगद्यांतून फिरतो आणि धातू घेऊन बाहेर येतो. हे पाणी नाकासाई इथल्या केंद्रात गोळा करून चुना घालून निवळले जाते. चुन्याने पाण्याची आम्लता मोडते, धातू गाळ होऊन तळाशी बसतात, मग पाणी नदीत सोडतात. हे काम बंद करता येत नाही, खाण बंद असली तरी. साचलेला गाळ वरच्या बाजूच्या सुनोकोबाशी साठ्यात जातो, आणि तो साठा वस्तीच्या वर आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपात गेन्गोरो-सावाचा जुना ढीग पुन्हा कोसळला आणि गाळ रेल्वेमार्ग ओलांडून नदीत उतरला. म्हणून नदीच्या पाण्याची तपासणी आजही चालते.

उघड्या कातळावर झाडे परत कशी लावली?

१८९७ पासून प्रयत्न झाले, पण धूर चालू असताना लावलेली रोपे मरत. १९५६ नंतरच काम टिकू लागले. पद्धत साधारण अशी:

आधी गाळ अडवायचा. तीन प्रवाहांच्या संगमाखालचे अशिओ धरण १९५४ मध्ये पूर्ण झाले. उंची ३९ मीटर, सुमारे ५० लाख घनमीटर गाळ धरण्याची क्षमता. वर छोट्या ओढ्यांवर बंधाऱ्यांच्या माळा. त्याशिवाय उतार स्थिर राहत नाही.

मग उतारावर आडव्या पायऱ्या काढायच्या आणि त्यावर माती, खत आणि गवताचे बी एकत्र दाबून केलेल्या वड्या रांगेने लावायच्या. माणूस चढू शकत नाही अशा कड्यांवर हेलिकॉप्टरने बी, खत आणि चिकट द्रव्याचे मिश्रण फवारले गेले. गवताने पकड घेतली की यशाबुशीसारखी हवेतला नत्र धरणारी झाडे आणि खोटी बाभूळ. त्यांनी थोडी माती तयार केली की मिझुनारा ओकसारखी मूळची रुंदपानी झाडे.

फसते कुठे? उन्हाळ्यात पातळ माती वाळते. हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठून फुगते आणि कोवळ्या रोपांना मुळासकट वर ढकलते. आणि सिका हरणे: कुंपण नसेल तर एका हिवाळ्यात सालीसकट सगळे फस्त. म्हणून नव्या लागवडीभोवती जाळी असते. जाळी फाटली की दुरुस्ती लांबणीवर टाकायची सोय नाही.

१९९६ मध्ये सुरू झालेली एक स्थानिक संस्था दर वसंतात, एप्रिलच्या अखेरीस, लागवड करते. शाळांच्या सहली वर्षभर येतात. तुम्हाला जायचे असेल तर जाड बुटांची गरज आहे: रोप आणि मातीची पिशवी घेऊन शेकडो पायऱ्या चढायच्या असतात, कारण उतारावर माती नसते, ती खालूनच न्यावी लागते.

रेल्वेने कसे जायचे?

वातारासे केइकोकु रेल्वे, किर्यू ते मातो, ४४.१ किलोमीटर, १७ स्थानके, सुमारे दीड तास. मूळ मार्ग खाणीसाठी १९११ ते १९१४ दरम्यान बांधला गेला. १९८९ पासून तो स्थानिक भागीदारीतली कंपनी चालवते. टोकियोतल्या आसाकुसाहून तोबू रेल्वेच्या र्योमो एक्सप्रेसने आइओइला उतरून तिथेच गाडी बदलणे सर्वांत सोपे.

चुका होतात त्या अशा. गाड्या तासाला नसतात. दोन गाड्यांमध्ये दीड-दोन तास जाऊ शकतात, म्हणून परतीची वेळ आधी लिहून घ्या. सुइकासारखी प्रवासाची प्रीपेड कार्डे चालत नाहीत, सुटे येन जवळ ठेवा. उघड्या डब्यांच्या ‘तोरोक्को’ गाड्यांना वेगळे तिकीट लागते आणि त्या ठरावीक दिवशीच धावतात. आणि सगळ्यांत नेहमीची चूक: लोक ‘अशिओ’ स्थानकावर उतरतात. खाणीचे प्रदर्शन, दुकाने, बस हे सगळे एक स्थानक आधी, त्सूदोला आहे.

गोदो आणि सोरी यांच्या मधे गाडी पाच किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरते. कुसाकी धरणाच्या पाण्याखाली जुना मार्ग गेला, म्हणून १९७३ मध्ये हा बोगदा काढला.

निक्कोहून यायचे तर शहराची बस आहे, निसोकू बोगद्यातून, पण दिवसाला मोजक्याच फेऱ्या. निक्कोला मुक्काम करणाऱ्या मराठी पर्यटकांना सकाळी बसने येऊन संध्याकाळी रेल्वेने किर्यूकडे उतरणे सोयीचे पडते.

एका दिवसात काय पाहावे?

त्सूदोला उतरून आधी खाणीचे प्रदर्शन. छोट्या गाडीने बोगद्यात नेतात आणि ४६० मीटरच्या भागात एदोपासून १९७०पर्यंतची कामाची पद्धत पुतळ्यांतून दाखवली आहे. आत उन्हाळ्यातही गार आणि ओले असते.

मग मातोकडे. वाटेत काकेमिझू क्लब, कंपनीने १८९९ मध्ये पाहुण्यांसाठी बांधलेली इमारत. ती मोजक्याच दिवशी उघडी असते. मातोच्या पुढे साधारण अर्धा-पाऊण तास चाललात की फुरुकावा पूल, धुराडे आणि शेवटी धरणाजवळचे उद्यान. तिथल्या पर्यावरण केंद्रात उजाड डोंगरांचे जुने फोटो आहेत. ते पाहून मगच बाहेर येऊन समोरचे उतार पाहा. फोटो न पाहता पाहिले तर हे साधे जंगल वाटते आणि त्यामागचे साठ-सत्तर वर्षांचे कष्ट दिसत नाहीत.

उद्यानापुढे मात्सुकी दरीत वाहनांना बंदी आहे, पायी जाता येते. अस्वले आहेत, घंटा बांधा. जेवणाची ठिकाणे थोडी आणि लवकर बंद होणारी. शाकाहारी असाल तर डबा बरोबर आणाच. मोसम: ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर मध्य पाने रंगतात आणि एप्रिलमध्ये गोदो स्थानकाभोवती पीच फुलतो.

दुसरा दिवस हाताशी असेल तर नदीच्या खालच्या टोकाला जा. जुन्या यानाकाची जागा आता वातारासे पूरक्षेत्रात आहे: सुमारे ३,३०० हेक्टर, त्यातला मोठा भाग बोरूचा, २०१२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत. गावाची देवळांची जोती आणि स्मशान तिथे राखून ठेवले आहे. टोकियोतही यानाका नावाची प्रसिद्ध वस्ती आहे, तिचा याच्याशी संबंध नाही. नकाशात शोधताना तोचिगी शहर किंवा फुजिओका असे टाका.

अशिओ जागतिक वारसा आहे का?

नाही. २००७ मध्ये जपानच्या संभाव्य यादीसाठी अर्ज झाला होता, पण त्या यादीत समावेश झाला नाही. निक्कोची देवळे मात्र जागतिक वारसा यादीत आहेत. अशिओ त्यात येत नाही, जरी त्या देवळांच्या छपरांवरचे तांबे इथूनच गेले असले तरी.